टाळीनंतरचं वाक्य

५ जानेवारी

काना,

फोन उचलत नाहीस, बरं. मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस, तेही बरं. पण पत्र फाडून टाकायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून हा खटाटोप. अक्षराला नावं ठेवू नकोस. जन्मभर औषधांच्या दुकानात बसून डॉक्टरांची अक्षरं वाचली, त्यांचा गुण लागलाय.

आढेवेढे न घेता विचारते. तू दंतोबाशी संधान बांधून तिकडून काही वाचून पाठवतेस का?

तू गेल्यापासून रविवारचं वाचन बंद पडलं असेल, असं तुला वाटत असेल तर तसं नाही. तू तणतणत गेलीस असं मी म्हणते, तू म्हणशील शांतपणे गेलीस. तो वाद राहू दे. माजी विद्यार्थी मंडळातली बरीचशी मंडळी फोटोपुरती येतात, फोटो झाला की एकेकाला घरचं काम आठवतं. पण आम्ही मोजके लोक टिकून आहोत. भाषा विभागामागची तीच खोली, दाराला ठोकलेली तीच फाटकी रजई, पंखा लावला तर घरघर रेकॉर्ड होते म्हणून तोच घाम. अंध मुलांसाठी पुस्तकं वाचायची ही तुझीच कल्पना होती आणि टाळीची पद्धतही तुझीच. वाचताना चुकलं तर थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. दंतोबा दवाखान्यातली दातांची कामं उरकली की रेकॉर्डिंग साफ करायला बसतो. टाळी त्याला पडद्यावर उंच काडीसारखी दिसते. काडीच्या आधीचं चुकलेलं वाक्य कापायचं, नंतरचं ठेवायचं. इतकं सोपं.

तर परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, टाळी तुम्ही वाजवलीत, मग पुढचं वाक्य कोणाला वाचायला दिलंत?"

मी म्हटलं, "अरे, मी टाळी वाजवलीच नाही. आणि देऊ कोणाला? खोलीत मी एकटी होते."

त्यानं ऐकवलं. समाजशास्त्राचं पुस्तक आहे, म्हातारपणावरचं प्रकरण. मी वाचतेय, "जरा ही केवळ शरीराची अवस्था नव्हे." आणि मी वाचलं ते "थांब जरा" मधलं जरा. मग टाळी. मग तेच वाक्य पुन्हा, नीट, "जीव" मधला ज लावून, म्हणजे जरा म्हणजे म्हातारपण, थोडंसं नव्हे. वाचायच्या आधी एक लांब श्वास.

तो श्वास मी होस्टेलच्या खोलीत चार वर्षं ऐकलाय. आवाज तुझा आहे, काना. दंतोबाला मी काही बोलले नाही. तूच काय ते सांग.

तुझी,
वेलांटी


१९ जानेवारी

काना,

उत्तर नाही. म्हणजे अजून त्या सभेचंच धरून बसलीस.

मग मीही माझं म्हणणं पुन्हा सांगते. इतक्या वर्षांनी माणसं एकत्र आली होती. कोणी कारखानदार, कोणी सरकारी हुद्द्यावरून निवृत्त, कोणी नातवंडं सांभाळून कंटाळलेलं. ती म्हणाली, आमचा वेळ घ्या. आणि तू त्यांना ओळीत बसवून "जवळ" आणि "जीव" म्हणायला लावलंस. लिहायला ज एकच, बोलायला दोन, आणि ज्याला फरक कळत नाही त्यानं माइकसमोर बसू नये, हे तू अध्यक्षांच्या तोंडावर सांगितलंस. मी म्हटलं, आपण सेवा करायला आलोय, परीक्षा द्यायला नाही. अजूनही तेच म्हणते. त्यावर तू पिशवी उचललीस आणि थेट लेकीच्या गावी जाऊन राहिलीस. मैत्रिणीचं बोलणं इतकं लागतं का गं कोणाला?

आता इकडचं ऐक. त्या एका टाळीनंतर मी दर रविवारी जपून वाचते. तरी घाई माझ्या अंगातच. गिऱ्हाईक समोर उभं असल्यासारखी मी वाचते. त्यामुळे चुका होतात आणि प्रत्येक चुकीनंतर टाळी येते. खोलीत ऐकू येत नाही. नंतर हेडफोन लावला की येते. आज मी दंतोबाला काचेपलीकडे बसवलं आणि सांगितलं, माझ्या हातांवर नजर ठेव. माझे हात पुस्तकावरच होते. बाहेर आले तेव्हा तो घाम पुसत होता. "ताई," तो म्हणाला, "पडद्यावर काडी उठली. मी बघत होतो, तुम्ही हललासुद्धा नाहीत."

याला काय म्हणायचं ते तू सांग. तो विज्ञानाचा माणूस आहे, त्यानं वायर बदलली.

ज्या मुलीसाठी हे पुस्तक चाललंय ती आज स्वतः आली होती. एप्रिलमध्ये परीक्षा आहे तिची. ही मुलं आपल्याला नावांनी ओळखत नाहीत, हे मला आजच कळलं. दंतोबा एकदा वाचायला बसला होता, तो त्यांच्यात "खोकलासर". मी "घाईमॅडम". चहा पिता पिता ती म्हणाली, "घाईमॅडम, राग मानू नका, पण तुमच्यामागे बसतात ना, त्या हळू वाचणाऱ्या मॅडम, उरलेलं पुस्तक त्यांनाच वाचायला सांगाल का? त्यांचं ऐकताना मागे जावं लागत नाही."

मी विचारलं, मागे बसतात हे तुला कसं कळलं?

"त्यांची खुर्ची करकरते," ती म्हणाली. "तुमची नाही करकरत."

त्या खोलीत खुर्ची एकच आहे. दुसरी तुझी होती, ती मोडली म्हणून तू गेल्यावर आम्ही भंगारात दिली.

वेलांटी


२ फेब्रुवारी

काना,

हे पत्र मी दुकानात लिहितेय. आज रविवार, शटर अर्धं खाली आहे. घरी लिहवेना.

आता ती टाळीसाठी थांबतसुद्धा नाही. "ती" म्हणू की "तू"? सकाळी मी प्रकरण सुरू केलं. घसा कोरडा पडला म्हणून थांबले, पाणी प्यायले. काचेपलीकडे दंतोबा माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. माझं तोंड बंद आणि रेषा चालूच. त्यानं हेडफोन माझ्या हातात दिला. तू वाचत होतीस. मी जिथं सोडलं होतं तिथून, स्वल्पविरामाला थांबत, पूर्णविरामाला टेकत, कठीण शब्द आला की त्याच्याआधी किंचित हळू होत.

वाटलं, वा, म्हणजे आता मी नुसती पानं उलटायची. राग आला होता, खरंच. मग राग कुठं गेला कोणास ठाऊक, मी ऐकत बसले. मला तुझी इतकी आठवण येते हे मला माहीत नव्हतं, काना. होस्टेलमध्ये दिवे गेले की तू मेणबत्तीवर मोठ्यानं वाचायचीस आणि मी ऐकून पास झाले. सगळा मजला आपल्याला हसायचा. तू उंच, काठीसारखी सरळ, म्हणून काना. मी कायम कुठंतरी वाकलेली, वळलेली, म्हणून वेलांटी. आणि तू वर म्हणायचीस, वेलांटीला उभं राहायला शेजारी काना लागतोच, लिहून बघा.

मला रडू आलं. दंतोबा बिचारा उठून चहा सांगायला गेला.

पानाच्या शेवटी आवाज थांबला. मग अगदी हळू, पुस्तकात नसलेलं एक वाक्य आलं.

"पान उलट, वेलांटी."

या नावाची इथं कोणाला कल्पना नाही. मी पान उलटलं. 

तू बरी आहेस ना? एवढंच कळव. भांडण गेलं खड्ड्यात.

वेलांटी


११ फेब्रुवारी

काना,

आज तुझी लेक फोनवर बोलली. तू तिला सांगू नकोस म्हणालीस, म्हणजे लिहून दिलंस, तरी बोलली. तिला रागावू नकोस.

ती म्हणाली, "मावशी, तुमची सगळी पत्रं आईच्या उशाखाली आहेत. राग नाही हो तिला. तिला बोलताच येत नाही."

म्हणजे मी महिनाभर फोनवर तुझ्या नावानं बोटं मोडतेय आणि तू तिकडे वाजणारा फोन हातात धरून बसलेली. अगं, एक शब्द लिहून पाठवायचास.

जानेवारी लागताच आवाज बसला म्हणे. सर्दी असेल म्हणून काढे झाले. मग डॉक्टर झाले. घशात नळी घालून बघितली, स्वरयंत्र स्वच्छ, सूज नाही, गाठ नाही. "रविवारी सकाळी ती गॅलरीत जाऊन बसते," लेक म्हणाली. "एक टाळी वाजवते. मग बराच वेळ तिचे ओठ हलत राहतात. मला वाटलं, जप करते. मी म्हटलं, करू दे, या वयात बरं असतं. पण प्रत्येक रविवारनंतर तिचं काहीतरी कमी झालेलं असतं, मावशी. आधी आवाज गेला. मग शिंकली तरी आवाज नाही. परवा तिच्या हातून पातेलं पडलं. फरशीवर गोल फिरत राहिलं. मी समोर उभी होते, मला काही ऐकू आलं नाही. चालते तर कळत नाही, मागे वळून बघावं तर उभी. आता टाळीलासुद्धा आवाज नाही. हातावर हात आपटताना दिसतो, बस."

मी तिला विचारलं, जेवणखाण? झोप?

ती म्हणाली, "काल ती झोपली होती तेव्हा मी तिच्या छातीला कान लावला."

पुढे ती बोललीच नाही. मीही विचारलं नाही. तिनं फोन ठेवून दिला.

तू नातीच्या पाटीवर लिहून दिलंस म्हणे, "पुस्तक पूर्ण होऊ दे." तुला सगळं कळतंय तर. हा शहाणपणा कोणी सांगितला होता तुला? पुस्तकं कितीही आहेत, काना.

वेलांटी


१२ फेब्रुवारी

काना,

कालच्या पत्राची शाई वाळली नसेल तोवर हे लिहितेय. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून मी काय करणार ते आधीच कळवून ठेवते. नंतर म्हणायला नको, विचारलं नाही.

दंतोबाला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "ताई, त्यांच्या आवाजातलं आहे तेवढं पुसून टाकू." मी त्याचा हात धरला. तुझं जे काही तुझ्यातून निघून गेलंय ते सगळं आता तिथंच आहे. ते पुसलं तर तुझ्यापाशी काय राहील? आणि ती मुलगी? तिची परीक्षा तोंडावर आली आहे. रविवारी मी वाचलंच नाही, खोलीला कुलूप लावलं, तरी तू वाचशीलच. तुला कोण अडवणार? कुलपाला तर तू कधीच जुमानलं नाहीस, होस्टेलच्या बाईंना विचार.

तेव्हा तुझ्याच नियमानं जायचं. टाळीच्या आधीचं कापायचं, नंतरचं ठेवायचं. टाळी ज्यानं वाजवली त्यानंच वाक्य पहिल्यापासून वाचायचं. आजवर टाळी तू वाजवत आलीस. या रविवारी मी वाजवणार.

तयारी चालू आहे. दुकानात गिऱ्हाइकांवर सराव करते. "जखमेवर जंतुनाशक लावा," असं दिवसभर म्हणते. दोन ज शेजारीशेजारी, एक जवळचा, एक जिवाचा. ज्यांना जखम नाही त्यांनाही सांगते. हाताखालचा पोऱ्या माझ्याकडे बघून हसतो. हसू दे. तुझी परीक्षा मी शेवटी देतेच आहे बघ.

वेलांटी


१६ फेब्रुवारी

काना,

झालं. थोडक्यात लिहिते, दमलेय.

मी बसले, पुस्तक उघडलं, आणि वाचायच्या आधी हेडफोन कानाला लावला. तू सुरूच केलं होतंस. मी वाक्याच्या मध्येच टाळी वाजवली. तू थांबलीस. श्वास घेतलास आणि तेच वाक्य पहिल्यापासून. मी पुन्हा टाळी वाजवली. पुन्हा तू. असा आपला हट्ट बराच वेळ चालला. दंतोबा म्हणतो, पडद्यावर काड्यांचं कुंपण झालं होतं.

मग तू म्हणालीस, "वेलांटी, पुस्तक राहील."

मी म्हटलं, "पुस्तक मी वाचते. तू ऊठ आधी खुर्चीवरून."

 आणि माझ्या मागे, जिथं काही नाही, तिथं खुर्ची करकरली. कोणी जड अंगानं उठावं तशी.

मी टाळी वाजवली आणि वाचायला घेतलं. हळू वाचलं. प्रत्येक ज जिथल्या तिथं लावला. च सुद्धा. तुला आवडलं असतं. प्रकरण संपेपर्यंत कोणी मध्ये आलं नाही आणि नंतर ऐकलं तर सगळीकडे माझाच आवाज होता.

मुलीला आम्ही लगेच ऐकवलं. ती जरा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "या हळू वाचणाऱ्या मॅडमच आहेत ना? आवाज मात्र घाईमॅडमचा आलाय." मी म्हटलं, आता तोच येणार.

घसा थोडा धरलाय, सवय नाही इतकं वाचायची. खाली येताना जिन्यात चपलांचा आवाज आला नाही. नवीन चप्पल आहे, मऊ असेल.

तुझं कसं आहे ते लेकीला कळवायला सांग.

वेलांटी


२३ मार्च

काना,

पुस्तक पूर्ण झालं. प्रत्येक रविवारी मी गेले, शेवटचं पान आज वाचलं. मुलगी आली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडेना. दंतोबा तोंड फिरवून वायरी गुंडाळत बसला.

तुझ्या लेकीचे मेसेज मला मिळत होते. आई शिंकली. आईच्या बांगड्या वाजल्या. आईनं नातीला हाक मारली आणि नात घाबरून पलंगाखाली लपली. प्रत्येक मेसेज मी दंतोबाला दाखवला. मी उत्तर दिलं नाही, कारण मग तू फोन केला असतास.

केलासच शेवटी. काल दुपारी. दुकानात मी एकटी होते, फोनवर तुझं नाव बघितलं आणि उचलायचा नाही असं ठरवत असतानाच उचलला.

तू म्हणालीस, "हॅलो." घोगरा होता आवाज, पण तुझा होता, आणि या वेळी तुझ्याच तोंडातून आलेला होता. मग म्हणालीस, "वेलांटी? अगं, बोल की." मग विचारलंस, "राग आहे का अजून? त्या सभेचा राग आहे?"

मला बोलता आलं नाही. आता लपवून काय करू? पहिल्या आठवड्यात घसा, मग हाक, मग हसणं. रविवारी मी नुसते ओठ हलवते, आवाज फक्त रेकॉर्डिंगमध्ये उमटतो. गिऱ्हाइकांना मी चिठ्ठीवर लिहून देते, आणि गंमत बघ, माझं अक्षर त्यांना आता वाचता येतं. गल्ल्याचा खण आपटून लावते, आवाज होत नाही. दंतोबानं मागच्या रविवारी माझं मनगट धरून बघितलं आणि म्हणाला, नाडी आहे ताई. मी त्याला त्याहून अधिक काही विचारलं नाही.

तू तिकडे रडायला लागलीस. "नको बोलूस तर नको," म्हणालीस. "मी ठेवते मग."

मी फोन टेबलावर ठेवला आणि टाळी वाजवली. हातावर हात पडलेला मला कळला, तळवे झिणझिणले. पण मला स्वतःला काही ऐकू आलं नाही. तुला आलं असेल असं मला वाटलंही नाही.

तुझं रडणं थांबलं.  मग तू श्वास घेतलास, तो लांब, वाचायच्या आधीचा, आणि पहिल्यापासून सुरू केलंस.

"हॅलो, वेलांटी. मी काना बोलतेय. मी येतेय तुझ्याकडे."

गॅलरीत बसून येऊ नकोस. गाडीत बसून ये, जिन्यानं वर ये आणि दार जोरात वाजव. आतून कोण म्हणून विचारणार नाही, पण उघडीन.

वेलांटी